पारा चारवर

निफाडचा पारा चारवर आलाय.
बातमीत आकडा सांगतात,
इथे बांधावर तो बोटांत शिरतो.
कॅमेऱ्याचं बटण कुठलं, बोट कुठलं,
कळत नाही.

द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या होत्या,
मणी तडकू नयेत म्हणून.
धूर उतरून पाण्यावर बसलाय
आणि धुराच्या आतून पाणी बोलतंय:
आधी एकच आवाज, नाकातला, शिंग फुंकल्यासारखा,
मग अख्खी पाणथळ गलबलते.
"चक्रवाक," गौतमी म्हणते. "उठले."
घरातलंच कुणी उठावं तशी.

वय बावीस. चापडगावची.
दुर्बीण वनखात्याची, स्वेटर भावाचा.
मला मावशी म्हणते
आणि पायात चपला बघून रागावते.

तेहतीस वर्षं मी नाशिकरोडला,
नोटांच्या छापखान्यात, तपासणीच्या टेबलावर.
शाई फाटलेली, रेघ सरकलेली, आकडा तिरपा,
डोळ्याला शिकवण एकच: चूक शोध.
बरोबर असलेलं पुढे जायचं,
त्याच्याकडे कोण बघतं?
निवृत्तीला घड्याळ मिळालं.
कॅमेरा मी घेतला, जुना,
भद्रकालीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून.
कार्डात एक नवरी राहून गेलेली,
नेमके डोळे मिटलेली.
पुसली नाही अजून.

पहिल्या हिवाळ्यात नुसता रद्दीचा ढीग.
थापट्याची शेपटी.
खंड्या उडाल्यावरची हलती काठी.
टिबुकलीनं बुडी मारल्यावर उरलेलं गोल पाणी,
अशी गोल पाणी माझ्याकडे एकसष्ट आहेत.
कमळपक्षी पानावर पाऊल ठेवणार
तेवढ्यात माझाच श्वास काचेवर.
भाचा म्हणाला, मावशी, यात पक्षी कुठाय?
मी म्हटलं, होता.

"डावीकडे. हलू नका."

पट्टकादंब. अकरा.
हरभऱ्यात रात्रभर चरून आलेले,
पोटं जड, चाल सावकाराची.
डोक्यामागे दोन काळे पट्टे,
जाड टाकानं ओढलेले, त्यातला एक जरा वाकडा.
माझा हात खिशात लाल पेन्सिल शोधायला गेला,
खरंच गेला.

आणि एकाच्या पायात कडी.
हिरवी.
तिच्यावर आकडे.

थंडी कुठे गेली माहीत नाही.
बोट सापडलं.
सहा फोटो, सगळे हललेले, सातवा नाही.
स्क्रीनवर मोठा करत नेला:
एक अक्षर, मग शून्य, मग बहुतेक सात,
पुढे चिखल.
गोदेचा की कादव्याचा, की वाटेतल्या कुठल्या
नाव नसलेल्या तळ्याचा.

किती नंबर गेले या डोळ्यांखालून.
गठ्ठ्यानं गेले, ट्रकनं गेले, बंदोबस्तात गेले.
त्यातला एकही असा
हिमालयावरून परत चालत आला नाही,
पायाला चिखल, चोचीला हरभऱ्याची हिरवळ.

"अर्धाच दिसतोय," गौतमी म्हणाली.
"कडी घालणाऱ्यांना कळवायचा का?"

अर्ध्या नंबराचं काय करायचं
हे मला झोपेतही विचारलं असतं तर सांगितलं असतं.
बाद.
तोंडाशी आलेलं गिळलं.
म्हटलं, थांबू. पाण्यात उतरला तर धुतला जाईल.

तो पाण्यात उतरला नाही.
मान मागे वळवून पिसांत खुपसली
आणि पाय उचलून पोटात घेतला.
कडीचाच पाय.

बागांवरचा धूर विरला.
गौतमीनं डबा उघडला, बाजरीची भाकरी, ठेचा,
दोन्ही गार.
पावणेनऊ झाले, मग सव्वानऊ.
पलीकडच्या मळ्यात कुणी पत्र्याचा डबा बडवला,
चक्रवाक उठले, एक वळसा घेऊन पुन्हा बसले.
हा एका पायावर तसाच.

"मावशी, तुमची बस?"

पुढची बघू, मी म्हटलं,
आणि चपला काढून
पाय पदराखाली घेतले.